आठवा

डिस्क टपालानं आली, मंगळवारी.
बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून नऊ दिवस झाले होते.
सोबत चाळीस पानांची पुस्तिका:
कुणी पैसे दिले, कुठल्या तळघरात कुठलं रीळ सापडलं,
सगळं मुंगीच्या अक्षरात.
बाबांनी ती भिंगाशिवाय वाचली. दोनदा.
"फोल्कमारचा बाप नाही यात," म्हणाले,
स्वतःचंच नाव, शेजाऱ्याचं असावं तसं.

आजोबा सावल्या रंगवायचे.
एकवीसचा हिवाळा, बर्लिनच्या वायसेनझे भागातला काचेच्या छपराचा स्टुडिओ,
कोळसा नाही, वीज तासांवर मोजून.
दिव्यांनी पाडायच्या त्या सावल्या
काजळी आणि सरस कालवून भिंतींवर काढायच्या.
खिडकी वाकडी, तिची सावली त्याहून वाकडी.
नट कुठूनही येवो,
सावली आधीच येऊन थांबलेली.
हाताला सरसाचा वास असायचा.
बाबांकडे बापाचं एवढंच.

गोष्ट साधी आहे. पुलावर एक जकातवाला,
बोटं गरजेपेक्षा लांब.
संध्याकाळी सात जण पूल ओलांडतात. तो मोजतो.
पहाटे परततात. तो मोजतो. आठ.
आणि गावात जो तो शपथेवर सांगतो,
आमच्यात परका कुणी नाही.

आमच्या जुन्या कॅसेटवर हे सगळं राखेसारखं होतं.
अठ्ठ्याऐंशी साली भिंतीपलीकडच्या चॅनलवरून उतरवलेलं,
मध्येच दोन मिनिटं
फ्राउ लोबेडान्झच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या रेघा.
मी तेरा वर्षांची, उशीआडून बघायचे.
दिसायचं काहीच नाही, म्हणूनच तर भीती.

आता रात्र निळी आहे.
बाबा दचकले ते यालाच. "मला वाटलं, डोळ्याचा दोष."
आता कुंचल्याचे फराटे दिसतात,
सरस सुकताना पडलेल्या भेगा दिसतात.
जादूगारानं बाही वर सारून दाखवावी
तसा उघडा पडलेला अंधार.
घाबरायला काही उरलं नाही, असं मला वाटलं.

मग पूल. संध्याकाळ, पिवळी. सात जण निघाले.
"थांबव. मागे घे. मोज."
पाच, सहा, सात,
आणि पार डाव्या कडेला, कॅसेटवर नुसतं काळं होतं तिथे,
टोपी, ढगळ डगला, हातात बादली.
तो पूल ओलांडत नाही.
बाजूला व्हायचं राहून गेलंय त्याचं.
चार सेकंद.

पुस्तिका, पान एकतीस, तळटीप:
कडेची आकृती मूळ निगेटिव्हमध्येच आहे.
चित्रीकरणातली चूक असावी. पुसलेली नाही.

तशा टोप्या तेव्हा सगळेच घालत, मी म्हणाले.
आणि चेहरा तर मसुरीच्या दाण्याएवढा.
आठवा ना बाबा, काही खूण, उभं राहायची ढब?
"आठवाच," ते म्हणाले. "तोच."
नवा डोळा चोळायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय;
हात मांड्यांखाली दाबून बसले.

आमच्या घराचा हिशेब उलटा.
चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये स्टेशनावर चार जण गेले,
परतले तीन.
फलाटावर मोजायला कुणी नव्हतं.

नव्वद हजार चौकटी एकेक करून धुणारं कुणीतरी,
दूरच्या एखाद्या खोलीत, कॉफी निवत असताना,
या कोपऱ्याशी थबकलं असेल.
एक बोट दाबलं असतं तर साफ.
त्या बोटाचं नाव पुस्तिकेत आहे की नाही,
मी शोधलं नाही.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले. "बाजा बंद कर."
बाहेर अंधारलं होतं. मी दिवा लावला नाही.
निळं. पिवळं. पूल.
बाबा मोठ्यानं मोजू लागले, शाळेतल्यासारखं,
एकेक बोट उघडत.
"सात," म्हणाले,
आणि पुढचं बोट अर्धवट उचलून तसंच धरून ठेवलं.